सायरन वाजला की आजीला फोन

लंडनच्या हॅरोत बसून अमेरिकेतल्या एका गावाच्या वाऱ्याला घाबरणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. सुनीती गद्रे. आमच्याच रस्त्यावर कोपऱ्यातल्या घरात राहतात. मी त्यांना सुनीतीताई म्हणते, त्या मला नुसतं कस्तुरी. वय सत्तरीच्या पुढे, बांधा काटक, केस आखूड कापलेले, आणि चेहरा कायम असा की आत गॅसवर दूध ठेवून आल्या आहेत. दूधबीध काही नसतं. बाई फक्त काळजीत असतात.

ह्याचं मूळ त्यांच्या नोकरीत असावं असं मला वाटतं. जन्मभर त्यांनी एका विमा कंपनीत घरांच्या नुकसानीचे दावे तपासले. ऑफिस वेम्बलीला होतं. वादळात उडालेली कौलं, हिवाळ्यात फुटलेले पाइप, बागेतून थेट स्वयंपाकघरात येऊन आडवं झालेलं झाड, असले फोटो रोज त्यांच्या टेबलावर यायचे. आपण घर बघतो तेव्हा आपल्याला घर दिसतं. सुनीतीताईंना ते पडल्यावर कसं दिसेल ते दिसतं. मी इथे राहायला आले तेव्हा येणारा जो तो बागेचं कौतुक करत होता. ह्या बाई फाटकाशी उभ्या राहून वर बघत म्हणाल्या, "चिमणीची ती डावीकडची वीट बघून घे हं. वादळात सुटली तर नेमकी दारात येईल." मी चिडले, पण झोप उडाली ती उडालीच. शेवटी गवंडी बोलावला. तो वर चढून आला आणि म्हणाला, ही वीट तुमच्या नातवंडांनाही पुरेल. सुनीतीताईंना हे सांगितलं, तर नुसतं "बघू" म्हणाल्या.

त्यांचे यजमान लवकर गेले. एकुलता एक मुलगा अंशुमन, इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला. त्याला त्यांनी तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तो कार्डिफला इंजिनिअरिंग शिकायला गेला तेव्हा घरात एक नियम झाला, आपल्या सगळ्या घरांत असतो तोच. पोचलास की फोन कर. फरक एवढाच की आपल्याकडे मूल विसरलं तर बोलणी खातं, आणि सुनीतीताईंकडे विसरलं तर पोलिसांना फोन जातो. एकदा खरंच गेला. अंशुमन मित्रांबरोबर पिझ्झा खात बसला होता आणि दारात वर्दीतली एक वेल्श बाई येऊन उभी राहिली. त्यानंतर तो कधी विसरला नाही. पुढे तो पवनचक्क्यांच्या पात्यांचा इंजिनिअर झाला, लग्न केलं, मुलगी झाली, आणि एक दिवस कंपनीने त्याला अमेरिकेतल्या कारखान्यावर पाठवायचं ठरवलं. गावाचं नाव हार्लन फोर्ड, राज्य कॅन्सस. नकाशावर बोट ठेवलं तर बोटाखाली झाकून जाईल एवढं गाव.

"कॅन्सस?" सुनीतीताईंनी मला विचारलं होतं. तोंडचं पाणी पळालं होतं त्यांच्या. "अगं, तिथे टोर्नेडो येतात."

"सगळीकडे काही ना काही येतंच," मी म्हटलं. असली शहाण्यासारखी वाक्यं माझ्याकडे भरपूर असतात आणि त्यांचा कुणाला कधी उपयोग झालेला नाही.

दुसऱ्या आज्या नातवंडांचे फोटो दाखवतात. ह्या बाईंनी मला त्या गावाचा इतिहास सांगायला सुरुवात केली. दुपारी चहाला बोलवायच्या, आयपॅड साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायच्या आणि सुरू. बरं, हॅरोत चाळीसहून जास्त वर्षं काढून इथल्या टेकडीवरचं जुनं चर्च त्यांनी आतून पाहिलेलं नाही. हार्लन फोर्डचं मात्र पाठ.

मुळात तो नदीचा उतार. टेक्ससकडून गुरांचे कळप हाकत रेल्वेकडे नेणारे लोक तिथे नदी ओलांडायचे. कुणा हार्लनने काठावर खानावळ टाकली आणि तिच्याभोवती वस्ती झाली. "म्हणजे नदी उथळ आहे," सुनीतीताई म्हणाल्या. "उथळ नदी पटकन चढते." मग रेल्वे गावातच आली. गहू पिकायला लागला, त्याची उंचच उंच कोठारं उभी राहिली, पिठाच्या गिरण्या निघाल्या. "पिठाची धूळ भडका घेते, माहितीये तुला?" मला नव्हतं माहीत. कुणीतरी पाण्यासाठी विहीर खणली तर खाली मीठ लागलं, कारण लाखो वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. मग मिठाच्या खाणी आल्या, गावात पैसा आला, चौकात घड्याळाचा मनोरा आला. मला वाटलं आता तरी बाई दोन शब्द बरे बोलतील. त्या डोळे मोठे करून म्हणाल्या, "कस्तुरी, अर्धं गाव पोकळ जमिनीवर उभं आहे."

मग धुळीची वर्षं. पाऊस नाही, नांगरलेली माती वाऱ्यावर उडायला लागली, भरदुपारी दिवे लावावे लागायचे आणि बायका खिडक्यांवर ओल्या चादरी टांगायच्या. पुढे पन्नासच्या दशकात एका वसंतात टोर्नेडो आला आणि मुख्य रस्त्याची एक बाजू पुसून गेला. त्याचा एक फोटो त्यांनी मला दाखवला होता. एक जिना उभा आहे, कठडा शाबूत आहे, आणि भोवती घरच नाही. जिना नुसता आकाशात चढतोय. घरी जाऊन मी भाकरी करत होते तरी तो जिना डोळ्यासमोरून हलेना.

गाव पुन्हा उभं राहिलं, पण जीव गेल्यासारखं. हायवे बाहेरून गेला, चौकातली दुकानं एकेक करून बंद पडली. मांसाचा मोठा कारखाना आला तेव्हा मेक्सिकोहून, व्हिएतनामहून, सोमालियाहून माणसं आली आणि शाळा पुन्हा भरल्या. आणि अलीकडे पवनचक्क्या. मैलोन्मैल सपाट जमीन आणि सतत वारा, ह्याहून चांगली जागा कुठली? पात्यांचा कारखाना निघाला, अंशुमनसारख्यांना नोकऱ्या मिळाल्या. सुनीतीताई एकदा कप खाली ठेवून म्हणाल्या, "बघ कशी गंमत आहे. मी ज्या वाऱ्याला घाबरते, तोच माझ्या मुलाला पगार देतो." त्या हसल्या नाहीत. मी हसायला गेले आणि थांबले.

तिथल्या वर्षाचा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता. हिवाळ्यात बर्फाळ पाऊस, तारा तुटून वीज जाते. उन्हाळ्यात असं ऊन की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं. आणि मधला वसंत, जो आपल्याकडे हॅरोत डॅफोडिल्स बघत फिरण्यात जातो, तो तिथे सगळ्यात वाईट. दक्षिणेकडून दमट गरम हवा वर येते, डोंगरांकडून कोरडी थंड हवा खाली येते, आणि नेमकी ह्या गावाच्या डोक्यावर दोघींची गाठ पडते. मग दोन शब्द येतात, वॉच आणि वॉर्निंग. मला कितीतरी दिवस त्यांतला फरक कळत नव्हता. शेवटी मीच तो माझ्या भाषेत बसवला. वॉच म्हणजे सगळं सामान ओट्यावर काढून ठेवलंय. वॉर्निंग म्हणजे फोडणी पडली.

वॉच आला की सुनीतीताई देव पाण्यात घालायच्या. लोक बोलण्यात म्हणतात तसं नाही, खरोखर. देवघरातला पितळी गणपती स्टीलच्या वाडग्यात, वर नळाचं पाणी, गळ्यापर्यंत. वॉच उठला की बाहेर काढून, पुसून पुन्हा पाटावर. त्या वसंतात गणपती पाटावर कमी आणि पाण्यात जास्त होता. "बाप्पाला सर्दी होईल हो," मी म्हणायची. त्या म्हणायच्या, "होऊ दे. पोरं सुखरूप असू देत." थट्टा करायची सोय नव्हती. बाई एवढ्या मनापासून घाबरायच्या की समोरच्यालाच आपलं हसू निर्लज्ज वाटावं. आणि भीती सर्दीसारखीच असते, शेजारच्याला लागते. माझ्या बँकेच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून मी हार्लन फोर्डची हवा बघायला लागले तेव्हा मला कळलं की मलाही लागली आहे.

त्या एकदाच तिकडे गेल्या, फेब्रुवारीत, कारण फेब्रुवारीत टोर्नेडो सहसा नसतात. परत आल्यावर मी विचारलं, गाव कसं आहे? म्हणाल्या, बेसमेंट चांगलं आहे. स्वयंपाकघरातून दार, दारातून जिना, खाली दोन खोल्या आणि एक छोटी बाथरूम. भिंती काँक्रीटच्या. बाकी गावात काय पाहिलंत, ह्यावर त्यांना फार काही सांगता येईना.

पण त्या एक काम करून आल्या होत्या. नातीला शिकवून आल्या होत्या. नात तनिषा, सगळे तिला तनू म्हणतात, तेव्हा सहा वर्षांची. घाबरवायचं नाही म्हणून आजीने त्याचा खेळ केला. आजी तोंडाने सायरनचा आवाज काढणार. तनूने बूट घालायचे, कारण पडलेल्या घरात काचा असतात. मग जिना उतरायचा. आणि मग आजीला फोन करायचा. आजी विचारणार, "जेवलीस का?" तनू म्हणणार, "जेवले." आजी विचारणार, "पायात काय?" तनू म्हणणार, "बूट!" मग आजी म्हणणार, "शाब्बास गं माझी वाघीण." एवढं झालं की खेळ संपला. पोर दिवसभर तो खेळ मागायची म्हणे.

"सायरन वाजला की आजीला फोन," सुनीतीताई मला अभिमानाने सांगत होत्या. "आईबाप विसरतील, ती नाही विसरायची."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसतं. आपल्यात कुणालाच वाटलं नसतं. पोचलं की फोन, ताप उतरला की फोन, विमान उतरलं की दार उघडायच्या आत फोन. संकट संपायची आपल्याकडे खूण एकच, पलीकडून आवाज ऐकू आला पाहिजे.

तो दिवस मे महिन्यातला शनिवार. इथे संध्याकाळ, लख्ख उजेड, शेजारी कुणीतरी हिरवळ कापत होतं. तिकडे दुपार. मी डबा परत द्यायला गेले होते. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात गणपती पाण्यात, आयपॅडवर तिकडच्या टीव्हीचं चॅनेल, आणि सुनीतीताई उभ्या. खुर्ची असून उभ्या.

"वॉच?" मी विचारलं.

"वॉर्निंग," त्या म्हणाल्या.

पडद्यावर बाह्या सरसावलेला एक माणूस नकाशासमोर उभा होता आणि रस्त्यांची नावं घेत होता. नकाशावर लाल डाग सरकत होता. अंशुमन कारखान्यात होता, तिथे जमिनीखाली पक्का निवारा आहे हे आम्हाला माहीत होतं. सूनबाई ऋजुता घरी, तनू आणि नुकत्याच झालेल्या दुसऱ्या बाळाबरोबर. तिचा मेसेज येऊन पडला होता, 'खाली जातोय आई.' म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. मी तसं म्हणालेसुद्धा.

"बाई गं, तो सेव्हन्थ स्ट्रीट म्हणाला," सुनीतीताई म्हणाल्या. "आपलं घर त्याच्या पश्चिमेला."

'आपलं घर' म्हणाल्या त्या. आणि तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

व्हिडिओ कॉल, ऋजुताच्या नावाने. त्यांनी झडप घालून उचलला. समोर तनूचा चेहरा, अगदी जवळ, कपाळ अर्धं कापलेलं. मागे स्वयंपाकघरातली खिडकी. खिडकीतलं आभाळ मला आधी कळलंच नाही काय आहे. शेवाळ धरलेल्या हौदात वरून बघावं तसा रंग होता. आणि सायरन. आयपॅडवरचा नव्हे, फोनमधला, खरा.

"आजी! सायरन झाली!" तनू आनंदाने ओरडली. "मी फोन केली!"

सुनीतीताईंचा आवाज अगदी हळू झाला. "तनू, आई कुठे आहे?"

"आई खाली. बेबीचा नॅपी चेंज करते. खाली वायफाय नाही ना आजी, सो मी वर आले. सीक्रेटली. तू म्हणाली ना, सायरन झाली की आजीला फोन. मम्मा विसरली. मी नाही विसरला."

ती थांबली. शाबासकीची वाट बघत थांबली.

"हो राजा. आता खाली जा बरं. पटकन."

"पण तू विचार ना!"

"तनू, खाली जा."

"आधी विचार! जेवलीस का, ते विचार!"

तिच्या मागे खिडकीबाहेर काहीतरी आडवं उडत गेलं. फांदी असेल, पत्रा असेल. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. सुनीतीताई ओरडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांचा चढलेला आवाज ऐकला नव्हता, आणि हा तर आवाज नव्हताच, किंकाळी होती. "खाली जा! पळ! फोन टाक आणि पळ! ऐकू येत नाही का तुला? चालती हो तिथून!"

पोरीचा चेहरा एकदम विझला. खालचा ओठ बाहेर आला. "आजी, तू का रागवते?" ती म्हणाली आणि रडायला लागली. रडायला लागली, पण हलली नाही. दोन्ही हातांनी फोन धरून, आजीच्या तोंडाकडे बघत, तिथेच उभी. रागावलेलं माणूस आता जवळ घेईल, समजूत काढेल, म्हणून मुलं उभी राहतात तशी.

पुढचं जे झालं ते मी कधी विसरणार नाही. सुनीतीताईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्यांना काय कळलं ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आजीचं तोंड दिसतंय तोवर ही पोर जागची हलणार नाही. त्यांनी अंगठा उचलला आणि फोन कापला.

कापला, आणि ओट्यावर पालथा ठेवला.

लगेच तो पुन्हा वाजायला लागला.

"अहो उचला!" मी हात पुढे केला. त्यांनी माझ्या हातावर फटका मारला. चांगला जोरात.

"नको. उचलला की ती तिथेच उभी राहील."

"पण काही झालं असेल तर?"

"उचलून मी काय करणार आहे इथून?" त्या म्हणाल्या. आणि मग पुन्हा, स्वतःशीच, "नको. उचलायचा नाही."

ओट्यावर तो पालथा फोन थरथरत थरथरत कडेला सरकत होता. पलीकडे एक सहा वर्षांची मुलगी रडत उभी होती आणि तिची आजी फोन घेत नव्हती. सुनीतीताईंनी दोन्ही हात ओट्यावर दाबून धरले होते. त्यांचे ओठ हलत होते, पण स्तोत्र नव्हतं ते. त्या म्हणत होत्या, "जा गं. जा गं बाई. जा." मग फोन थांबला. तो का थांबला, हे कळायला काही मार्ग नव्हता.

आयपॅडवरचा माणूस बोलता बोलता गप्प झाला. चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्र आलं, राखाडी, काहीच न दिसणारं, आणि मग तेही गेलं. काळा पडदा. बाहेर हॅरोत कुणीतरी गाडी धुवत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मला त्या माणसाचा इतका राग आला की बाहेर जाऊन त्याला दोन शब्द सुनवावेत असं वाटलं. मी सुनीतीताईंना बसवायचा प्रयत्न केला. बसल्या नाहीत. फोन करून बघू या का, असं मी एकदा म्हणाले. त्यांनी फक्त मान हलवली. एका फोनसाठी जिने पोलिसांना उठवलं होतं, ती बाई फोन समोर ठेवून हात बांधून उभी होती. ती भीती मी जवळून पाहिली. तीत रडणं नसतं, देवाचं नाव नसतं, काहीच नसतं. माणूस फक्त उभं राहतं.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. मेसेज आला तो अंशुमनचा. 'सगळे ओके. घराला डॅमेज आहे. नंतर बोलतो.' सुनीतीताईंनी तो मला वाचायला दिला, मी वाचला, त्यांनी परत घेऊन स्वतः वाचला, आणि मग खाली जमिनीवरच बसल्या.

काय झालं ते रात्री कळलं. आजी फोन उचलत नाही म्हणून तनू चिडली. फोन तिथेच फेकला आणि हुंदके देत आईकडे तक्रार करायला खाली निघाली. जिन्याच्या मधल्या पायरीवर होती, तेव्हा स्वयंपाकघराची खिडकी आत आली. खिडकी, शेजारच्यांच्या गॅरेजचं दार आणि अर्धं कुंपण. तिला शोधत वर निघालेली ऋजुता जिन्यातच तिच्यावर पालथी पडली. दोघींना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. त्यांच्या घरापलीकडचा गावाचा पश्चिमेकडचा भाग मात्र राहिला नाही, मांसाच्या कारखान्याचं छप्पर गेलं आणि आपल्या माणसांना शोधत लोक दोन दिवस फिरत होते. पात्यांच्या कारखान्याला काही झालं नाही. आठवड्यात तो पुन्हा सुरू झाला.

सुनीतीताईंनी मुलाला इतकंच विचारलं, "परत येता का?" तो म्हणाला, "आई, इथे माझं काम आहे. आणि इथली लोकं आत्ता जातायत का कुठे? मग मी कसा जाऊ?"

खरी गोष्ट त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी कळली. तनू फोनवर येत नव्हती. शाळेत आहे, झोपली आहे, मैत्रिणीकडे गेली आहे, अशी कारणं येत होती. सुनीतीताई म्हणायच्या, रुसली असेल, मी कधी ओरडले नव्हते ना तिला. एका रविवारी मी त्यांच्याकडेच होते, अंशुमनचा फोन आला. स्पीकरवर होता. तो अडखळत होता.

"आई, तुला सांगायला पाहिजे. तनू... तुझा फोन आला ना, की ती पळते."

"पळते म्हणजे?"

"टॅबलेटवर तुझा फोटो दिसला, की खाली पळते. बेसमेंटमध्ये. जिन्याखाली जाऊन बसते. आम्ही जाऊन आणेपर्यंत वर येत नाही. ऊन असलं, काहीही असलं तरी. सायरनला ती नाही घाबरत एवढी. फक्त तुझ्या फोनला. शाळेची काउन्सेलर म्हणाली, थोडे दिवस कॉल नको. आई, प्लीज वाईट वाटून घेऊ नकोस."

मला वाटलं बाई कोसळणार. मी खुर्ची पुढे ओढली.

"बूट घालून पळते का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"पळताना पायात बूट असतात का तिच्या?"

"हो," अंशुमन म्हणाला. "बूट घालते. आधी बूट, मग पळते."

"बरं," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग रडल्या. तोंडात पदर कोंबायला त्या साडी नेसत नाहीत, म्हणून टेबलावर डोकं टेकून मोठ्याने रडल्या, आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मधेच डोकं वर करून त्या म्हणाल्या, "माझं तोंड बघितलं की पळते, कस्तुरी. माझं तोंड."

त्या रात्रीच त्यांनी ऋजुताला मेसेज केला. मी आता फोन करणार नाही. वाढदिवसाला नाही, दिवाळीला नाही, कधीच नाही. फक्त वॉर्निंग आली की करेन, त्या टॅबलेटवर. तुम्ही कुणी उचलायचा नाही. तिला पळू द्यायचं.

मला हे पटलं नाही. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, अहो, पोरीच्या मनातली भीती घालवायची सोडून तुम्ही ती जपून ठेवताय. सहा वर्षांच्या पोरीची आजी म्हणजे भोंगा झाली, हे कुठलं प्रेम? तिला घ्या, समजवा, हळूहळू विसरेल ती. त्या शांतपणे म्हणाल्या, "विसरली, की पुन्हा वर येईल फोन करायला." मला ते आजही पटलेलं नाही. अंशुमन चिडला होता असं कळलं. ऋजुताने मात्र एका शब्दात उत्तर पाठवलं होतं, 'चालेल.'

त्यालाही आता बरेच महिने झाले. तनू सात वर्षांची झाली, तिचे पुढचे दात पडले, हे मला ऋजुताच्या फोटोंवरून कळलं. आजीने केक कापतानाचा व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, आवाज मोठा करून. फोन केला नाही.

परवा संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. गेले तर आयपॅडवर तोच बाह्या सरसावलेला माणूस, तोच नकाशा, लाल डाग. वॉर्निंग. सुनीतीताईंनी चष्मा लावला, केसांवरून हात फिरवला आणि टॅबलेटचा नंबर लावला.

पलीकडे रिंग वाजायला लागली. आम्ही दोघी एकमेकींचा हात घट्ट धरून ऐकत होतो. वाजत राहिली, वाजत राहिली, आणि कुणी उचलू नये, एवढंच आम्ही मनात म्हणत होतो.